तेराव्या क्रॉसचा बाक

सूर्यकांत देशकरांनी एकतीस वर्षं वर्ध्याकडच्या एका नगरपरिषदेत तक्रारींचं टेबल सांभाळलं होतं. नळ, गटार, डुकरं, खांबावरचे दिवे. कागद हातात आला की लिहिणारा खरोखर मेटाकुटीला आलाय की शेजाऱ्यावरचा राग काढायला नगरपरिषदेला पुढं करतोय, हे त्यांना दोन ओळींत कळायचं. निवृत्तीनंतर चार वर्षांनी बायको गेली, आणि मुलीनं, सिद्धीनं, त्यांना बंगळूरला जे. पी. नगरात आपल्याकडे आणलं. सिद्धी सकाळी साडेसातला बेळ्ळंदूरच्या ऑफिसला निघायची ती दिवेलागणीनंतरच परतायची. ट्रॅफिकमध्येच तिचे तीन तास जात. मधला सगळा दिवस सूर्यकांतरावांच्या अंगावर यायचा. येऊन पाच आठवडे झाले होते, आणि कन्नड म्हणाल तर 'सरी', म्हणजे ठीक, आणि 'स्वल्प', म्हणजे थोडं, एवढे दोनच शब्द भाजीवाल्याकडून पदरात पडले होते.

म्हणून रहिवासी संघाचे सेक्रेटरी सुमंत फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा सूर्यकांतराव मनातून हरखलेच. सुमंतांच्या घरात मराठी बोलत, पण त्यांचं घराणं बंगळुरात कधी आलं हे त्यांच्या आजोबांनाही सांगता आलं नसतं.

"अण्णा, तुमी म्युन्सिपालटीतले म्हणून आलो. वॉर्ड ऑफिसनं मागण्या मागवल्यात. दर क्रॉसनं तीन-तीन लिवायच्या. पैली मागणी ह्या महिन्यातच करून देतो म्हणतात, राहिलेल्या पुढं बघू म्हणतात. निवडणुका नाहीत, नगरसेवक नाही, हे एवढं तरी मिळतंय ते सोडायचं कशाला? तुमी जरा लावून द्या की."

इथं गल्लीला क्रॉस म्हणतात हे सूर्यकांतरावांना एव्हाना ठाऊक झालं होतं. चौदा क्रॉस, तीनशे साठ फॉर्म. कन्नड फॉर्मांवर सुमंतांनी पेन्सिलीनं इंग्रजीत अर्थ लिहून ठेवला होता. सूर्यकांतरावांनी जेवणाचं टेबल पुसलं, चष्मा लावला आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना जेवायची वेळ झालेली कळली नाही.

सगळं ओळखीचंच होतं. कचरा दोन दिवसांआड उचलतात. कुत्री फार झालीत. फूटपाथवरची फरशी हलते, सासूबाई पडल्या. कावेरीचं पाणी तिसऱ्या दिवशी येतं, तेही पहाटे. गाव बदललं म्हणून माणसाचं दुखणं काही बदलत नाही, असं त्यांना वाटलं, आणि जरा बरंही वाटलं.

मग तेराव्या क्रॉसचे फॉर्म हातात आले.

तेवीस घरं, तेवीस फॉर्म. पहिल्यावर पहिली मागणी होती: पार्कातला करंजाखालचा बाक काढून टाका. दुसऱ्यावर तीच. तिसऱ्यावरही. कुणी म्हणत होतं बाक मोडकळीला आलाय, कुणी म्हणत होतं तिथं टवाळ मुलं बसतात, कुणी म्हणत होतं मच्छर होतात. एकानं कारण न देता फक्त 'प्लीज' असं लिहून खाली तीन रेघा ओढल्या होत्या. अक्षरं वेगळी, शाई वेगळी, भाषा तीन. मागणी मात्र एक.

सूर्यकांतरावांनी चष्मा काढला. या क्रॉसलाही पाणी तिसऱ्या दिवशीच येत होतं. ते लोकांनी दुसऱ्या क्रमांकावर लिहिलं होतं. एकतीस वर्षांत पाण्याच्या वर दुसरं काही लिहिणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. आणि इथं एक नाही, बावीस. तेविसाव्या फॉर्मवर पहिली ओळ कोरी होती. खाली पाणी, मग रस्त्यावरचे दिवे, आणि सही मराठीत: विमला राव, घर नंबर नऊ.

'हे खोटं लिहिलंय,' ते स्वतःशीच म्हणाले. 'मागणी खरी आहे, पण कारणं सगळी खोटी आहेत.'

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ते पार्कात गेले. तेराव्या क्रॉसच्या तोंडाशी असलेलं तिकोनी, आटोपशीर पार्क. चार बाक. तीन बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसलेली. एक आजोबा तर काठीला टेकून उभेच होते, जागेची वाट बघत. चौथा, कुंपणालगतच्या करंजाखालचा, रिकामा. सूर्यकांतरावांनी तो हातानं चाचपून पाहिला. सिमेंट धड होतं, पायही भक्कम. माघाचे दिवस, करंजाची पानं सारखी गळत होती, बाकावर पिवळ्या पानांचा थर साचला होता. फक्त डाव्या टोकाला माणसाच्या रुंदीएवढी जागा स्वच्छ होती. एक पान नाही, पाखराची शीट नाही.

त्यांनी उजव्या टोकाची पानं झाडली आणि बसले. बसताक्षणी त्यांना वाटलं की शेजारी कुणीतरी जरा सरकलं. एसटीत आपण बसताना आधी बसलेली बाई पदर सावरून घेते ना, तसं. त्यांनी पाहिलं, तर कुणी नव्हतं. समोरच्या बाकांवरची माणसं बोलायची थांबून त्यांच्याकडे बघत होती. काठीवाले आजोबा बघत होते, मग त्यांनी मान फिरवली.

तेवढ्यात अगदी कानाशी, हलक्या, थकलेल्या बाईच्या आवाजात कुणीतरी विचारलं, "ऊटा आयता?"

अर्थ कळला नाही. पण स्वर प्रश्नाचा होता, आपुलकीचा होता. नवख्या मुलुखात माणूस करतो तेच सूर्यकांतरावांनी केलं. ओळखदेख नसताना कुणी विचारतंय म्हणून हसून मान डोलावली आणि "हो, हो," म्हणाले. म्हणून झाल्यावर मान वळवली. डावं टोक रिकामं होतं. वरून एक पान गिरक्या घेत आलं, त्या स्वच्छ जागेवर पडणार एवढ्यात कशाला तरी अडून बाजूला घसरलं आणि जमिनीवर गेलं. वारा नव्हता.

ते उठले आणि मागं न बघता चालू लागले. पायांनी त्यांना घराकडे नेलं नाही, घर नंबर नऊकडे नेलं.

विमलाबाई पासष्टीच्या, ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मराठी ऐकताच त्यांनी फाटक पुरतं उघडलं. "या की, बसा. स्वल्प काफी घेता?" त्यांची मराठी कानाला गोड पण अनोळखी होती, जुन्या पेटीतून काढलेल्या शालूसारखी. फॉर्मचा विषय निघाला तसा त्यांचा चेहरा मिटला. हो, बाक जुना झालाय. हो, सगळ्यांचं मत पडलं. मग त्यांनी पहिली ओळ का सोडली? विसरलं असेल.

"विमलाक्का," सूर्यकांतराव म्हणाले, "मी आत्ता तिथं बसून आलो. मला कन्नड येत नाही. एवढंच सांगा, 'ऊटा आयता' म्हणजे काय?"

विमलाबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"जेवण झालं का, म्हणून विचारतात," त्या म्हणाल्या. "हिकडं भेटलं की विचारायची रीतच हाय. आपण म्हणायचं 'आयतु', झालं म्हणून. आणि मग आपण उलटून विचारायचं, 'निम्दु?' तुमचं झालं का? उलटून विचारल्याबिगर पुढं जायचं नसतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "तुमी काय म्हणलात?"

"मी हो म्हणालो."

"आणि?"

"आणि काय? उठून आलो."

"हां," विमलाबाई म्हणाल्या. "आमी सगळ्यांनी तेच केलं."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षीच्या एप्रिलात, उन्हाची काहिली होती तेव्हा, एका सकाळी रिक्षातून एक म्हातारी उतरली. उतरवणाऱ्यानं तिला त्या बाकावर बसवलं, 'आत्ता येतो' म्हणाला आणि गेला. धुतलेलं सुती लुगडं, मांडीवर कापडी पिशवी. भिकारीण वाटत नव्हती. प्रत्येकाला वाटलं कुणाच्या तरी घरची पाहुणी असेल, हवा खायला बसली असेल. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विचारायची, ऊटा आयता? लोक म्हणायचे, आयतु अज्जी, आणि पुढं जायचे. दुसऱ्या दिवशीही ती तिथंच होती. एका माडीवर भाड्यानं राहणाऱ्या तरुणानं गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो टाकला: या कुणाच्या पाहुण्या आहेत? एकेचाळीस जणांनी तो पाहिला. कुणीतरी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी झाडणाऱ्या बाईनं तिला हाक मारली आणि खांद्याला हात लावला. ती बसल्या जागी, ताठ बसूनच गेली होती. पोलिसांची गाडी आली. नाव नाही, पत्ता नाही. पिशवीत एक पातळ आणि फणी.

"तीन दिवस तिनं आमाला जेवण विचारलं, अण्णा. तेवीस घरांत चुली पेटलेल्या. मी स्वतः चार बार तिच्या समोरनं गेलं. एकदा हातात मठात न्यायचा चित्रान्नाचा डबा होता, गरम होता, झाकणाला वाफ होती. ती डब्याकडं बघून हसली, विचारलं. मी म्हणलं, आयतु." विमलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "महिन्यानं परत ऐकू यायला लागलं. पैल्यांदा मला वाटलं, माझंच मन खातंय. मग समोरच्या हर्षितानं तिकडनं जायचं सोडलं. मग सगळ्यांनी. कोणी कोणाशी बोलत नाही त्याबद्दल. फॉर्म आला तवा सगळ्यांनी लिवलं. बोलून ठरवलं नव्हतं हां. माझा हात नाही झाला."

त्या आठवड्यात वॉर्ड ऑफिसच्या हॉलमध्ये बैठक झाली. इतर क्रॉसचे दोन-दोन लोक आले होते, तेराव्याचे मात्र झाडून सगळे. भिंतीला पाठ लावून, एकमेकांकडे न बघता बसले होते. इंजिनियर मंजुनाथ हा पस्तिशीचा, कामाचा, घाईतला माणूस. तेराव्या क्रॉसची मागणी वाचून तो हसला. विमलाबाईंनी सूर्यकांतरावांना हळूच अर्थ सांगितला: "म्हणतोय, अशी सोपी मागणी कोणीच करत नाही. उद्याच काढतो म्हणतोय."

सूर्यकांतराव उठून उभे राहिले. आपण या क्रॉसचे नाही, या गावचेही नाही, हे त्यांना माहीत होतं. ते हिंदीत बोलले. "साहेब, ही मागणी थोडी थांबवा. बाकाला काही झालेलं नाही. यांना दुसरं काहीतरी मागायचं आहे आणि ते मागता येत नाहीये. पहिल्या क्रमांकावर पाणी टाका."

मग मागून एक तरुण मराठीत, पुण्याच्या मराठीत, जवळजवळ ओरडलाच. "काका, तुम्ही प्लीज यात पडू नका! तुम्हाला काय माहितीये? तुम्हाला रोज तिथून जावं लागतं का?" त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "आम्हाला तो बाक नकोय, दॅट्स इट."

"ह्यानंच फोटो टाकला होता," विमलाबाई पुटपुटल्या. "शंतनु."

मंजुनाथनं हात वर करायला सांगितले. बावीस हात वर गेले. सुमंतांनी सूर्यकांतरावांच्या कोपराला हात लावून त्यांना खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन माणसं घण घेऊन आली आणि तासाभरात बाकाचा चुरा झाला. तेराव्या क्रॉसचे लोक गच्चीवरून, खिडकीतून बघत होते. ट्रॅक्टर ढिगारा घेऊन गेला तेव्हा कुणीतरी मिठाई वाटली म्हणे. त्या दिवशी पार्कात मुलं करंजाखाली खेळली.

चौथ्या दिवशी विमलाबाईंचा फोन आला. "अण्णा, जमलं तर बाराला येता का? सोबत पायजे."

सूर्यकांतराव गेले. तेराव्या क्रॉसमध्ये शिरताच त्यांना जाणवलं की भर दुपारी सगळी दारं बंद आहेत, खिडक्यासुद्धा. एका घरात टीव्ही भलत्याच मोठ्या आवाजात लावला होता. विमलाबाईंनी त्यांना आत घेतलं आणि कडी लावली.

"तिची बसायची जागा काढली की हो आमी," त्या म्हणाल्या. "आता ती कुठं बसेल? दारोदार येते. काल हर्षिताच्या दारात. परवा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या. एकच्या सुमाराला, पानं मांडायच्या वेळी. फाटक वाजत नाही. एकदम दाराशी."

स्वयंपाक झाला होता. भात, सारू, घेवड्याची भाजी. दोघं समोरासमोर बसून राहिले. कुणी वाढून घेतलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला. बाहेर पोपट ओरडत होते. मग ते एकाएकी थांबले.

दाराच्या पलीकडून, उंबऱ्याला लागून, तोच आवाज आला. बाकावर ऐकला होता त्याहून बारीक, जास्त कोरडा. "ऊटा आयता?"

विमलाबाईंनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते, स्तोत्र म्हणत असाव्यात. दाराखालच्या फटीतून येणारा उन्हाचा पट्टा मधोमध तुटला होता. कुणीतरी उभं होतं.

पुन्हा आवाज आला. रागाचा नाही, हेच भयंकर होतं. शेजारीण विचारते तसाच. "ऊटा आयता?"

"विमलाक्का," ते कुजबुजले, "उलटून विचारा."

"माझं तोंड उघडत नाही हो."

तेव्हा सूर्यकांतराव उठले. त्या घटकेला त्यांना बायकोचे शेवटचे दिवस आठवले; 'जरा दुखतंय' असं ती आठवडाभर म्हणत होती आणि ते 'हो, हो' म्हणत पेपर वाचत होते. ते दाराशी गेले आणि कडी काढली. बाहेर ऊन होतं, तुळशीचं वृंदावन होतं, रिकामी पायरी होती. पायरीवर धुतलेल्या सुती कापडाचा, उन्हात वाळल्याचा वास होता.

"नाही," ते मराठीत म्हणाले, आणि मग शिकवलेला शब्द, अडखळत, चुकीच्या उच्चारात: "निम्दु?"

मग त्यांच्या छातीच्या उंचीवरून, जणू ठेंगण्या बाईनं मान वर करून बोलावं तसं, कुणीतरी म्हणालं, "इन्नू इल्ला."

मागून विमलाबाईंना फुटलेला हुंदका त्यांना ऐकू आला. "अजून नाही म्हणते," त्या म्हणाल्या. "अजून नाही, म्हणते हो." आणि मग त्यांच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या, केळीचं पान आणलं, उंबऱ्याच्या आत पाट मांडला. भात वाढला, सारू वाढलं, भाजी, वर तुपाची धार. "बन्नी अज्जी," त्या म्हणाल्या. "या. बसा."

दोघं पानासमोर बसले. विमलाबाई हळूहळू कन्नडमध्ये बोलत होत्या. उन्हाळ्याबद्दल, भाताबद्दल, पाहुण्या बाईशी बोलावं तसं. पानावरचा भात तसाच होता, एक शीत हललं नाही. पण गरम भाताची वाफ सरळ वर जात नव्हती. मध्येच कुणी फुंकर घालावी तशी ती वाकत होती. अर्ध्या तासानं ती वाकायची थांबली. बाहेर पोपट पुन्हा ओरडू लागले. दाराशी उन्हाचा पट्टा सलग झाला होता.

नऊ नंबरच्या दारात ती पुन्हा आली नाही.

विमलाबाईंनी दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं. सगळ्यांना पटलं असं नाही. डॉक्टरांनी त्यांना झोपेच्या गोळ्या लिहून द्यायची तयारी दाखवली. पण एकच्या सुमाराला त्यांच्याही दारात पान मांडलेलं हर्षितानं खिडकीतून पाहिलं. हर्षितानं आपल्या दारात वाढलं तेव्हा ती इतकी रडली की शेजारच्या दोघी येऊन तिच्याजवळ बसल्या. वर्षभर एकमेकींना टाळणाऱ्या बायका त्या दिवशी एकत्र जेवल्या. हळूहळू दारं उघडत गेली. कुणाच्या पानावर पुरी होती, कुणाच्या नाचणीचा मुद्दे, म्हणजे उकडीचा गोळा. एकाकडे तर नुसता दहीभात, कारण त्या दिवशी पाणी आलं नव्हतं.

पाण्याची गोष्ट तशीच राहिली. पहिली मागणी बाकावर खर्ची पडली होती. सूर्यकांतराव विमलाबाईंना घेऊन मंजुनाथकडे गेले तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. विमलाबाईंनी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं: "तुमीच काढायला सांगितला ना? आता परत बसवा म्हणता?" नवीन बाकाला नवी फाईल लागेल, आणि ती यादीत खाली जाईल. सूर्यकांतराव खुर्ची ओढून बसले आणि अर्ज लिहायला घेतला. एका अर्जात पाणी, दुसऱ्यात बाक. तिसरा अर्ज मात्र घरूनच लिहून आणलेला होता, त्यावर तेराव्या क्रॉसच्या एकोणीस घरांच्या सह्या होत्या. पार्कात कुणी अनोळखी, एकटं माणूस बराच वेळ बसलेलं दिसलं तर कुणाला कळवायचं, तो नंबर फाटकावर रंगवून द्या, आणि नंबर उचलणारं माणूस नेमा. "हे आमच्या खात्यात येत नाही," मंजुनाथ म्हणाला. पण अर्ज त्यानं ठेवून घेतला, आणि दोन आठवड्यांनी रंगारी आला. सध्यापुरता नंबर विमलाबाईंचा होता.

पान न मांडलेली, सही न केलेली घरं चार. दोन घरांतली माणसं बाक काढल्यावर कुलूप लावून गावी निघून गेली होती. एकात दार न उघडायचं ठरवलेले एक गृहस्थ होते. ते दुपारी कानाला हेडफोन लावून बसायचे. आणि चौथा शंतनु. त्यानं दारावर कॅमेरा बसवला. तीन दिवस रेकॉर्डिंग तपासलं, चौथ्या दिवशी सामान बांधलं आणि व्हाइटफील्डला चौदाव्या मजल्यावर राहायला गेला. जाताना तो कुणालाच भेटला नाही.

मार्चच्या शेवटाला, एका दुपारी, सूर्यकांतराव एकटेच जेवायला बसत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी शंतनु. विमलाआंटींकडून तुमचा नंबर घेतला." तो दबक्या आवाजात बोलत होता. "काका, खाली तीन गेट आहेत. सिक्युरिटी आहे. लिफ्टला कार्ड लागतं."

सूर्यकांतरावांना पुढचं सांगावं लागलं नाही. "दाराशी आहे?"

"हो. आत्ता. काका, मला तेव्हा कळलं नव्हतं ती काय विचारते. खरंच. मी हसायचो फक्त. मला वाटलं फोटो टाकला म्हणजे कुणीतरी बघेल." त्याचा श्वास फोनमध्ये घासत होता. "तो शब्द काय आहे? उलटून विचारायचा?"

सूर्यकांतरावांनी शब्द सांगितला. दोनदा म्हणवून घेतला. मग फोनमधून कडी निघाल्याचा आवाज आला, मोकळ्या व्हरांड्याचा घुमारा आला, आणि त्या पोराचा घाबरलेला स्वर: "निम्दु?"

आणि मग, शहराच्या त्या टोकाहून, बारीक पण स्पष्ट, उत्तरही आलं.

"काका," शंतनु रडत होता, "घरात काहीच नाहीये. मी सगळं बाहेरूनच मागवतो. काय वाढू?"

"मागव मग," सूर्यकांतराव म्हणाले. "गरम मागव. आणि ते येईपर्यंत दार लावू नकोस. तिला आत घे, बसायला दे, आणि बोलत राहा."

"काय बोलू? मला कन्नड येत नाही."

"मलाही येत नव्हतं," ते म्हणाले, आणि समोरचं ताट बाजूला सारून, फोन कानाला धरून, त्याच्यासोबत वाट बघत बसले.